मोगऱ्याची छाटणी आणि नवा बहर

मोगऱ्याची बाग असलेल्या शेतकऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकावयास मिळते. झुडपे हिरवीगार आहेत, खतपाणी वेळच्या वेळी दिलेले आहे, रोगाचे नाव नाही. परंतु चौथ्या-पाचव्या वर्षापासून फूल मात्र घटत चालले आहे. अशा बागेत जाऊन पाहिले असता बहुधा एकच गोष्ट आढळते. झुडूप छातीइतके उंच झालेले असते, त्याच्या पोटात जुन्या काटकुळ्या फांद्यांची दाटी झालेली असते, आणि दोन-तीन वर्षांत त्यास कात्री लागलेली नसते. झाड वाढले म्हणजे फूलही वाढेल अशी मालकाची समजूत असते. मोगऱ्याच्या बाबतीत ती खरी नाही.

पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत अनेक आदिवासी कुटुंबांनी भाताच्या जोडीला मोगरा लावलेला आहे. तेथील कळी मुंबईस दादरच्या फुलबाजारात जाते. भाताची कापणी व झोडणी आटोपली की वीटभट्टीवर किंवा शहराकडे कामास जाणे, ही या भागातील जुनी रीत. ज्या घरी पाण्याची थोडी सोय आणि दहा गुंठे मोगरा आहे, त्या घरच्या माणसांस उन्हाळाभर गावातच काम मिळते, आणि मुलांची शाळाही सुटत नाही. हा लाभ केवळ झाडे लावल्याने होत नाही. हिवाळ्यात छाटणी चुकली, तर उन्हाळ्यात वेचावयास कळी नसते आणि त्या वर्षी घर पुन्हा भट्टीवर जाते. म्हणून छाटणीचा हा विषय गावपातळीवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी नीट समजून घ्यावा आणि शेतकऱ्यांस समजावून द्यावा, असे वाटते.

मोगऱ्यास फूल नेमके कोठे येते, हे प्रथम पाहिले पाहिजे. ते येते नव्या धुमाऱ्याच्या शेंड्यावर. जुन्या लाकडातून कोवळा फुटवा निघतो, त्याच्यावर पानांच्या काही जोड्या येतात, आणि मग त्याचे टोक कळ्यांच्या झुबक्यात संपते. झुबक्यात बहुधा तीन कळ्या असतात व मधली आधी भरते. याचा अर्थ असा की, जितके नवे जोमदार धुमारे, तितके झुबके. जुनी फांदी स्वतः फूल देत नाही. ती फक्त धुमाऱ्यास जन्म देते. फांदी जितकी लांब व जुनी, तितका तिचा धुमारा बारीक आणि त्यावरील कळी लहान. कळी लहान झाली की ती गजऱ्यास चालत नाही आणि बाजारात तिला भाव मिळत नाही.

ही गोष्ट सर्व झाडांस लागू नाही, हे येथेच सांगून ठेवणे बरे. कारण एका झाडाची रीत दुसऱ्यास लावल्याने नुकसान झालेली उदाहरणे थोडी नाहीत. नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो व ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. एप्रिलनंतर वाढलेल्या काडीत घडाचा डोळा आधी तयार व्हावा लागतो, मगच ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड बाहेर पडतो. आंब्याचा मोहोर पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. तेथे हिवाळ्यात शेंडे कापणे म्हणजे मोहोरच कापणे होय. थंड हवेच्या ठिकाणी बंगल्यांच्या बागांतून हायड्रेंजिया नावाचे मोठ्या गेंदाच्या फुलांचे झुडूप असते. त्याच्या मोठ्या पानांच्या जातीत पुढील वर्षाच्या कळ्या आदल्या हंगामाच्या फांदीवर आधीच धरलेल्या असतात. त्यामुळे त्याची छाटणी फुलोरा संपताच करावयाची असते. एखाद्या माळ्याने ते झुडूप मोगऱ्याप्रमाणे हिवाळ्यात खाली कापले, तर पुढच्या हंगामात त्यास पानेच पाने मिळतात. दोष झाडाचा नसतो. कात्री हाती घेण्यापूर्वी हे झाड जुन्या फांदीवर फुलते की नव्या, एवढे विचारून घ्यावे.

मोगरा नव्या फांदीवर फुलतो, म्हणून त्यास निर्धास्तपणे व खोलवर छाटता येते. प्रश्न उरतो तो वेळेचा. पावसाळा संपून जमीन वाफशावर आली आणि वाढ मंदावली, की झुडपास विश्रांती द्यावयाची आणि ती संपता संपता कात्री लावावयाची. कोकणात थंडी सौम्य असल्याने नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छाटणी करता येते. घाटावर जेथे डिसेंबर-जानेवारीत रात्री कडक थंडी पडते, तेथे घाई करू नये. थंडीत निघालेला धुमारा आखडून बसतो. तेथे जानेवारीच्या उत्तरार्धात, थंडी ओसरू लागताच छाटावे. छाटणीपासून कळी वेचावयास येईपर्यंत हवामानाप्रमाणे साधारणपणे दोन ते तीन महिने लागतात, असा हिशेब मनाशी धरावा.

छाटणीपूर्वी पाण्याचा ताण द्यावा लागतो. संत्र्या-मोसंबीच्या बागाइतदारांस ताण देऊन बहर धरणे नवीन नाही. मोगऱ्याचेही तत्त्व तेच. पाणी तोडले की वाढ थांबते, जुनी पाने पिवळी पडून गळू लागतात, आणि फांद्यांत साठलेले अन्न पुढील फुटव्यासाठी राखले जाते. परंतु ताण किती दिवस द्यावा, याविषयी प्रस्तुत लेखक स्वतः एकदा चुकलेला आहे, आणि ती चूक येथे सांगणे कर्तव्य वाटते.

नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात एका पाड्यावर मी सर्वांस सरसकट तीन आठवडे पाणी तोडावयास सांगितले. आकडा मी वाचलेला होता, आणि तो भारी काळ्या जमिनीसाठी आहे याचा विचार केला नाही. त्या पाड्यावरील एक बाग टेकडीच्या उतारावर, वीतभर मातीखाली मुरूम अशा जागी होती. मालकीण वयस्कर बाई. दहाव्या-बाराव्या दिवशी तिने निरोप धाडला की, “साहेब, झाडं माना टाकतात.” मी उत्तर पाठविले, की ताण पुरा होऊ द्या. तिने माझ्या शब्दास मान दिला. तीन आठवड्यांनी जाऊन पाहिले, तेव्हा पाने गळालेली नव्हती. ती फांदीवरच करपून कोरडी झाली होती, आणि शेंड्यांकडून लाकूड वाळत खाली आले होते. एक चतुर्थांश झुडपे मेली. उरलेल्यांस त्या हंगामात नावाला फूल आले. बाई मला काही बोलली नाही. तिचा मुलगा व सून मात्र त्या फाल्गुनात भट्टीवर गेली.

तेव्हापासून मी दिवस मोजावयास सांगत नाही. पाने पाहावयास सांगतो. खालची जुनी पाने पिवळी पडू लागली आणि हलक्या हाताने स्पर्श करताच गळू लागली, की ताण पुरा झाला. शेंड्याकडील पाने दुपारी मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील, तर झाड अजून सुखरूप आहे. परंतु सकाळच्या प्रहरीही ती मलूल दिसली, तर ताण त्याच दिवशी मोडावा व हलके पाणी द्यावे. मुरमाड, उताराच्या जमिनीत ही स्थिती आठ-दहा दिवसांत येते. खोल भारी जमिनीत तीन आठवडेही लागतात. पहिल्या वर्षाच्या रोपांस ताण मुळीच देऊ नये.

आता प्रत्यक्ष छाटणी. कात्री, म्हणजे ज्यास बाजारात सिकेटर म्हणतात ती, धारदार असावी. कोयत्याने सपासप उडविलेली फांदी चिरते, तिची साल सोलली जाते, आणि अशा जखमेतून मर खाली उतरते. कोयता फक्त कापलेल्या फांद्या बांधावर ओढण्यासाठी ठेवावा. रोगट झुडपावरून निरोगी झुडपाकडे जाताना कात्रीचे पाते फडक्याने पुसून स्पिरिटने किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने स्वच्छ करावे.

प्रथम झुडपाच्या पोटात पाहावे. वाळलेल्या फांद्या, आतल्या बाजूस वळलेल्या फांद्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आणि काडेपेटीतील काडीसारख्या बारीक फांद्या अगदी मुळाशी काढून टाकाव्यात. जमिनीवर लोळणाऱ्या फांद्याही काढाव्यात. एवढे झाले की झुडपात ऊन व वारा शिरू लागतो. पुष्कळदा निम्मे काम येथेच झालेले असते. मग उरलेल्या जोमदार फांद्या जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण गुडघ्याइतक्या उंचीवर छाटाव्यात. हाताच्या बोटांप्रमाणे बाहेर पसरलेल्या सहा ते आठ मजबूत फांद्या शिल्लक राहिल्या, म्हणजे झुडपाचा सांगाडा चांगला झाला असे समजावे.

छाट कोठे व कसा घ्यावा? गुलाबाची पाने एकाआड एक असतात, म्हणून गुलाबात डोळ्याच्या वर तिरका छाट घेतात. मोगऱ्याची पाने समोरासमोर असतात, काही दुहेरी जातींत तर एका पेऱ्यावर तीन-तीन. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. तेव्हा मोगऱ्यात पेऱ्याच्या किंचित वर, सुमारे अर्धा सेंटिमीटर सोडून, छाट आडवा व सरळ घ्यावा. तिरका घेतल्यास समोरासमोरच्या दोन डोळ्यांपैकी एकास इजा होते, आणि दोन धुमाऱ्यांच्या जागी एकच निघतो. हे बारीक दिसते. पण झुडपावर वीस छाट असतील, तर वीस धुमारे कमी-जास्त होण्याची ही गोष्ट आहे. पेऱ्याच्या वर लांब ठूंठही ठेवू नये. ते वाळते आणि त्यातून कीड शिरते.

छाटलेल्या झुडपावर उरलेली पाने हाताने काढून टाकावीत. बोटाएवढ्या जाड फांद्यांच्या जखमांस त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. तीसाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात, अशी दोन वेगवेगळी द्रावणे प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत करावीत आणि ती दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदम ओतून ढवळावीत. लोखंडी भांडे वापरू नये. स्वच्छ चाकूचे पाते त्यात क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी घालावा. पेस्ट शिळी करू नये.

वाळलेल्या व किडक्या फांद्या, तसेच खाली पडलेला पाला, बागेत कुजत ठेवू नये. बाहेर नेऊन नष्ट करावा. याच वेळी प्रत्येक झुडपाभोवतीची माती चार बोटे खोल हलकी चाळावी. मोगऱ्याच्या कळ्या फुगून जांभळट पडणे व न उमलता गळणे हा उपद्रव ज्या माशीमुळे होतो, तिचे कोष मातीत राहतात. ते उन्हात उघडे पडले की पुष्कळसे मरतात, पक्षीही वेचतात. मोठ्या मुळ्या मात्र तोडू नयेत.

नंतर आळे करून दर झुडपास दहा किलो चांगले कुजलेले शेणखत घालावे. रासायनिक खताविषयी तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे की, दर झुडपास वर्षाकाठी ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद व १२० ग्रॅम पालाश दोन समान हप्त्यांत द्यावे. एका हप्त्यास हे प्रमाण सुमारे ६५ ग्रॅम युरिया, ३७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट व १०० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश इतके होते. १.२ मीटर अंतरावर लागवड असेल, तर एका गुंठ्यात सुमारे ७० झुडपे बसतात. त्यावरून खताचा व खर्चाचा अंदाज करावा. मातीचे परीक्षण झालेले असल्यास त्याप्रमाणे यात कमी-जास्त करावे. पहिला हप्ता छाटणीनंतर शेणखताबरोबर द्यावा. दुसरा जून-जुलैत देण्याची पद्धत आहे. पण कोकणातील मुसळधार पावसात तो ओढ्याला जातो. माझ्या मते तेथे पावसाचा जोर ओसरू लागल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस तो द्यावा. युरिया जास्त दिल्यास झुडूप लवकर हिरवे होते हे खरे, परंतु धुमारे लुसलुशीत होऊन फूल मागे पडते आणि कीड पुढे येते.

खत घालून पहिले पाणी भरपूर द्यावे. त्यानंतर जमिनीच्या मगदुराप्रमाणे पाळी ठेवावी व कळी धरल्यावर पाण्यात खंड पडू देऊ नये. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक पेऱ्यावरून धुमारे फुटताना दिसतील. एकाच जागी चार-पाच धुमारे दाटीने आले, तर दुबळे खुडून दोन ठेवावेत. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्यास ती लोहाची उणीव समजावी, आणि लिटरास ५ ग्रॅम हिराकस या प्रमाणात फवारा द्यावा.

कळ्या धरू लागल्या की कळी पोखरणारी अळी येते. ती कळीस भोक पाडून आतला भाग खाते व झुबका जाळीने बांधते. असे झुबके सकाळी वेचतानाच वेगळे काढून नष्ट करावेत, आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. निंबोळी आपल्या आसपास गोळा करता येते. औषधाच्या दुकानात उधारी करण्याआधी तिचा उपयोग करून पाहावा. फवारणी वेचणीनंतर करावी, कारण हे फूल केसांत माळले जाते व देवास वाहिले जाते.

सर्व बाग एकाच दिवशी छाटू नये, हा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. एकाच दिवशी छाटलेली बाग एकाच पंधरवड्यात भरास येते. तेवढी कळी सूर्योदयापूर्वी वेचण्यास घरात हात पुरत नाहीत. कळी संध्याकाळी उमलते, आणि उमललेल्या फुलास दुसऱ्या दिवशी बाजार नसतो. शिवाय गावातील सर्वांची कळी एकदमच दादरला पोहोचली, तर भाव कोसळतो. म्हणून बागेचे तीन भाग करावेत. पहिला भाग नोव्हेंबरअखेर, दुसरा डिसेंबरच्या मध्यास व तिसरा जानेवारीच्या आरंभी छाटावा. ताणही त्याच क्रमाने द्यावा, म्हणजे ज्या भागाची पाळी त्याचेच पाणी तोडावे. एका पाड्यावरील शेतकऱ्यांनी बसून आपसांत तारखा वाटून घेतल्या तर फारच उत्तम. गाडीभाडेही विभागले जाते.

पहिला भर ओसरल्यावर झुडपास तसेच सोडू नये. फुले वेचलेल्या शेंड्याखालील पानांची एक-दोन पेरी कात्रीने हलकेच उडवावीत. खालच्या पानांच्या बेचक्यांतून नवे धुमारे निघतात व काही आठवड्यांत दुसरा भर येतो. ही हलकी छाटणी उन्हाळ्यात दोन-तीन वेळा करता येते. पावसाळ्यात मात्र खोल छाट घेऊ नये. जखमा ओल्या राहतात.

दहा वर्षांपलीकडील बाग एकदम गुडघ्यापर्यंत आणण्याचे धाडस सर्वांस होत नाही, आणि तशी गरजही नाही. अशा झुडपाच्या जुन्या जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश पहिल्या वर्षी जमिनीलगत कापाव्यात, दुसरा तृतीयांश दुसऱ्या वर्षी, उरलेला तिसऱ्या. बुंध्यापासून निघालेले नवे फुटवे त्यांची जागा घेतात व मालकाचे उत्पन्नही बंद पडत नाही.

ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांच्याशी वाद घालू नये. एक ओळ छाटावी, शेजारची तशीच ठेवावी, आणि दोन्ही ओळींची कळी वेगवेगळ्या टोपलीत वेचून रोज वजन लिहून ठेवण्यास सांगावे. वर उल्लेखिलेल्या बाईच्या बागेत दुसऱ्या वर्षी मी असेच केले. ती एक ओळ तिने मला छाटू दिली, तीही पाणी कधी तोडावयाचे हे मी ठरवावयाचे नाही या अटीवर. वजने तिच्या नातीने शाळेच्या वहीत लिहिली. एप्रिलअखेर वही मला दाखवून बाई म्हणाली, “औंदा बाकीच्या ओळी बी छाटू; पण पानं मी बघीन.” तिसऱ्या वर्षीची छाटणी तिने व सुनेने मिळून केली.